बंद पडली कशी? : जुन्या मोटारींचे बिघाड आणि ऐकण्याची विद्या

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरला आमच्या एका सहकाऱ्यांच्या घरी जाणे झाले. घराच्या मागील पडवीत त्यांच्या आजोबांची १९३० सालची फोर्ड ‘ए’ मॉडेलची मोटार ताडपत्रीखाली उभी होती. या गाडीचे दुखणे विचित्र होते. ती सहज चालू होई, पंधरा-वीस मिनिटे नीट चाले आणि मग बंद पडे. अर्धा तास थांबले की पुन्हा काहीच न घडल्यासारखी चालू होई. वर्षभर हाच क्रम चालला होता. प्लग बदलून झाले, कॉइल बदलली, पॉइंट बदलले, कंडेन्सर तर दोनदा बदलला. अखेर एका वृद्ध मेस्त्रींना बोलावण्यात आले. त्यांनी बोनेटला हातही न लावता एकच प्रश्न विचारला, “बंद पडली कशी? धाडकन, का दमानं?”

आमचे सहकारी म्हणाले, “दमानं. आधी गचके खाते, मग हळूहळू जीव सोडते.”

“मग करंटच्या मागं कशाला लागलाय, सर? करंट गेला तर गाडी दिव्यागत विझती. ही उपाशी मरायला लागलीया.”

गाडी चालू करण्यात आली. ती गचके खाऊ लागताच मेस्त्रींनी पुढील काचेजवळचे पेट्रोलच्या टाकीचे झाकण सैल केले. फुस्स असा आवाज करत हवा आत शिरली आणि विझत आलेले इंजिन सावरले. मूळ झाकण कधीतरी हरवले होते. त्याच्या जागी बाजारातून आणून बसवलेल्या झाकणाला हवा आत येण्यासाठी छिद्रच नव्हते. या गाडीत पेट्रोल पंपाने नव्हे, केवळ स्वतःच्या वजनाने खाली उतरते. टाकीतील पेट्रोल जसे कमी होई तशी वर पोकळी निर्माण होई आणि ती पोकळी पेट्रोलला खाली उतरू देत नसे. गाडी थांबवून ठेवली की फटीतून हळूहळू हवा आत जाई आणि प्रवाह पुन्हा सुरू होई. दाभणाच्या टोकाएवढ्या छिद्राने वर्षभराचा बिघाड दूर झाला.

आम्ही भाषेचे शिक्षक. आमच्या मनात घर करून राहिला तो मेस्त्रींचा प्रश्न. गाडी बंद पडली, हे विधान त्यांच्या दृष्टीने अपुरे होते. त्यांना क्रियापद नको होते, क्रियाविशेषण हवे होते. ‘धाडकन’ आणि ‘दमानं’ या दोन अव्ययांत त्यांनी इंजिनाच्या निम्म्या शक्यता एका झटक्यात निकालात काढल्या. बिघाड शोधण्याची ही रीत आली कोठून, ती कोणाकोणाच्या हातांतून गेली आणि तिची नोंद कोणी केली अथवा केली नाही, याचा इतिहास पाहावा असे आम्हांस वाटले. प्रस्तुत लेख त्या कुतूहलातून लिहिला आहे.

१. तीन प्रश्न

‘व्हिंटेज’ हा शब्द आपल्याकडे कोणत्याही जुन्या गाडीला लावला जातो. भारतात २०२१ साली मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या दुचाकी व चारचाकी गाडीला हा दर्जा मिळू शकतो. ब्रिटनमधील रूढ अर्थ याहून काटेकोर आहे. तेथे साधारणपणे पहिल्या महायुद्धानंतरच्या, १९१९ ते १९३० या काळातील गाड्यांना हे नाव आहे. मोटार ही श्रीमंतांची मिरवण्याची वस्तू न राहता सामान्यांच्या हाती येऊ लागली, तो हा काळ. अमेरिकेत ही क्रिया थोडी आधीच सुरू झाली होती आणि तिचे मुख्य निमित्त होती १९०८ साली बाजारात आलेली फोर्ड ‘टी’. १९२७ साली तिचे उत्पादन थांबले तोवर दीड कोटींहून अधिक गाड्या बनल्या होत्या. प्रारंभी सुमारे साडेआठशे डॉलरला मिळणारी ही गाडी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या मध्याला तीनशे डॉलरच्याही खाली आली. ती घेणारा मोठा वर्ग शेतकऱ्यांचा होता. गावात दुरुस्तीचे दुकान नाही, रस्ते चिखलाचे, अशा स्थितीत गाडी बंद पडली तर ती दुरुस्त करणारा एकच माणूस जवळ असे, तो म्हणजे ती चालवणारा.

त्या काळातील इंजिनाचे व्याकरण तीन नियमांत सांगता येते. ठिणगी योग्य क्षणी पडली पाहिजे. पेट्रोल आणि हवा योग्य प्रमाणात आत आली पाहिजे. आणि आत आलेले हे मिश्रण पिस्टनने नीट दाबले गेले पाहिजे. मेस्त्रींच्या भाषेत करंट, पेट्रोल आणि कॉम्प्रेशन. ही तिन्ही असतील तर इंजिन चालले पाहिजे. चालत नसेल तर तिन्हींपैकी काहीतरी नाही. म्हणजे बिघाड शोधणे ही अंदाज बांधण्याची गोष्ट नसून वगळत जाण्याची गोष्ट आहे. प्लग काढून तो इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि हँडल फिरवले की ठिणगी पडते की नाही ते डोळ्यांना दिसते. कार्ब्युरेटरची तळची तोटी उघडली की पेट्रोल येते की नाही ते कळते. हँडल फिरवताना प्रत्येक फेरीत चार वेळा हाताला सारखा विरोध जाणवला, तर दाब ठीक आहे. जेथे विरोध लागत नाही, तेथे झडप जळलेली किंवा पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या.

येथे जाणकार आमची चूक काढतील. चार सिलिंडरच्या इंजिनात हँडलच्या एका फेरीत चार नव्हे, दोनच दाब लागतात; चार दाबांना दोन फेऱ्या लागतात. आम्हीही हे मेस्त्रींसमोर चुकलो होतो. “हात काय सांगतोय ते मोजा, पुस्तक नंतर,” असे म्हणून त्यांनी आमच्याकडून हँडल फिरवून घेतले. ती चूक मुद्दाम येथे राहू दिली आहे. हे ज्ञान वाचून येत नाही याचा तो आमच्यापुरता पुरावा आहे.

२. प्रश्नोत्तरांचे पुस्तक आणि गुणगुणणारी पेटी

फोर्ड ‘टी’बरोबर मालकाला एक माहितीपुस्तक मिळत असे. त्याची रचना साहित्याच्या अभ्यासकाने पाहण्यासारखी आहे. ते संपूर्ण पुस्तक प्रश्नोत्तरांच्या रूपात होते. गाडी चालू करण्यापूर्वी काय करावे, इंजिन तापते ते का, एखादे सिलिंडर पेटत नसेल तर ते कसे ओळखावे, असे प्रश्न आणि खाली त्यांची उत्तरे. आपल्याकडे गुरुशिष्यसंवादाची परंपरा जुनी आहे आणि एकोणिसाव्या शतकात मराठीत शालेय व धर्मविषयक प्रश्नोत्तरावल्या छापल्या गेल्या, हे आपण जाणतोच. या रूपामागे एक गृहीत असते. वाचणाऱ्याला आज काही येत नाही, परंतु त्याला ते येऊ शकते, हे ते गृहीत. कारखान्याने शेतकऱ्याला शिष्य मानले. अडाणी ग्राहक मानले नाही.

सिलिंडर ओळखण्याच्या प्रश्नाचे उत्तर तर विशेषच सुंदर आहे. या गाडीत ठिणगी निर्माण करण्यासाठी चालकासमोर एक लाकडी पेटी असे. तीत चार सिलिंडरांसाठी चार स्वतंत्र कॉइल उभ्या असत. प्रत्येकीच्या माथ्यावर धातूची एक पातळ पट्टी थरथरत असे आणि त्या थरथरीचा मधमाश्यांसारखा गुंजारव गाडी चालू असेपर्यंत ऐकू येई. इंजिन लंगडत असेल तर मालकाने दोन पट्ट्या बोटांनी दाबून धरायच्या. त्यामुळे ती दोन सिलिंडरे बंद पडतात आणि इंजिन उरलेल्या दोहोंवर चालते. ते दोन नियमित ठोके देत असतील तर दोष दाबून धरलेल्या दोहोंत आहे. मग तीन पट्ट्या दाबून एकेकाला एकट्याने बोलू द्यायचे. जो मुका, तो दोषी.

परंतु सिलिंडर सापडले म्हणजे कारण सापडले असे नव्हे. दोष कॉइलचा, प्लगचा, तारेचा की ठिणगीची पाळी ठरवणाऱ्या टायमरचा? यावर उपाय अदलाबदलीचा. मुक्या सिलिंडरची कॉइल काढून शेजारच्या जागी बसवायची. दोष कॉइलबरोबर शेजारी गेला तर कॉइल अपराधी. दोष जागीच राहिला तर कॉइल निर्दोष. पुढच्या संशयिताकडे वळायचे. पोथ्यांचा अभ्यास करणाऱ्यांना ही रीत ओळखीची वाटेल. चुकीचा पाठ कोणत्या पोथीबरोबर कोणत्या शाखेत जातो हे पाहूनच संपादक चूक प्रथम कोठे शिरली ते ठरवतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू झाले आणि १९२५ पासून वि. सी. सुकथनकरांनी त्याला शास्त्रशुद्ध वळण दिले. म्हणजे हा आणि व्हिंटेज मोटारींचा काळ एकच. या दोहोंत संबंध होता असे आम्ही म्हणत नाही. पण दोष कोणाबरोबर प्रवास करतो ते पाहावे, ही दृष्टी दोन्हीकडे आहे.

या गाडीत तेलाची पातळी पाहण्याची सळईदेखील नव्हती. इंजिनाच्या मागील बाजूस, खालच्या अंगाला, एकाखाली एक अशा दोन छोट्या तोट्या असत. गाडीखाली वाकून त्या उघडायच्या. वरच्या तोटीतून तेल येऊ नये, खालच्या तोटीतून यावे. पाण्याला पंप नव्हता. गरम पाणी वर चढते आणि थंड खाली उतरते एवढ्यावर इंजिन थंड राही. पेट्रोलची टाकी बहुतेक वर्षांच्या गाड्यांत आसनाखाली होती. त्यामुळे टाकीत पेट्रोल कमी असताना तीव्र चढावर नाक वर झाले की ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचत नसे आणि गाडी गुदमरे. मग चालक गाडी वळवून उलटी चढवत असत. आज हे हास्यास्पद वाटते. परंतु ज्याला कारण ठाऊक होते त्याला उपाय सुचत होता, हा त्यातील मुद्दा आहे.

ठिणगीची वेळही चालकाच्याच हातात असे. सुकाणूच्या डाव्या बाजूला ठिणगीचा दांडा, उजव्या बाजूला वेगाचा. ठिणगी फार उशिरा पडली तर इंजिन तापे आणि ताकद जाई. फार लवकर पडली तर आतून ठणठण आवाज येई. ठिणगी पुढे ठेवून कोणी हँडल मारले तर ते उलट फिरून मनगट मोडत असे. गाडी चालवणे म्हणजे सतत ऐकणे आणि ऐकलेल्याला उत्तर देणे होते.

३. डेटनहून आलेला शब्द

या व्यवस्थेला पहिला धक्का दिला चार्ल्स केटरिंग यांनी. अमेरिकेतील ओहायो राज्यात डेटन या गावी त्यांनी आणि एडवर्ड डीड्स यांनी १९०९ साली एक प्रयोगशाळा काढली : डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी. आद्याक्षरे जुळवून तिचे नाव झाले डेल्को. केटरिंग यांनी बॅटरी, पॉइंट आणि वाटप करणारा डिस्ट्रिब्यूटर यांवर चालणारी ठिणगीची पद्धत बसवली. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत त्यांचा विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि हँडल मारण्याची सक्ती संपली. फोर्डने स्टार्टर १९१९ मध्ये स्वीकारला. ‘टी’ जाऊन ‘ए’ आली तेव्हा ती गुणगुणणारी पेटीही गेली आणि एकच कॉइल व डिस्ट्रिब्यूटर राहिले.

आता आपल्याकडील कोणत्याही जुन्या गॅरेजमध्ये जाऊन डिस्ट्रिब्यूटर कशाला म्हणतात ते विचारावे. मेस्त्री ‘डेल्को’ म्हणतील. ‘डेल्कोचं झाकण तडकलंय’, ‘डेल्को जरा फिरवून टायमिंग बघ’. ओहायोमधील एका कंपनीचे नाव मराठीत सामान्यनाम झाले आणि तेही अशा माणसांच्या तोंडी, ज्यांनी ते छापील रूपात बहुधा कधी पाहिले नव्हते. तीच गोष्ट ‘सेल्फ’ची. मूळ शब्द सेल्फ-स्टार्टर. इंग्रजीत उत्तरपद टिकले, मराठीत पूर्वपद. ‘सेल्फ घेत नाही’ या आपल्या वाक्यात केटरिंग यांच्या शोधाचा सगळा विस्मय साठलेला आहे : गाडी आता स्वतः उठते!

हे शब्द मुंबईत कसे रुजले असतील याची कल्पना करता येते. १९२८ साली जनरल मोटर्सने शिवडी येथे गाड्यांची जुळणी सुरू केली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीचा कुर्ल्याचा कारखाना पुढे उभा राहिला. सुटे भाग खोक्यांतून येत, त्यांवरची नावे इंग्रजीत असत आणि ती हाताळणारे हात मराठी, कोकणी, उर्दू, गुजराती बोलणारे. खोक्यावरील नाव ऐकून उचललेले शब्द हातांबरोबर गावोगावी गेले असावेत.

४. अमेरिकेने लिहून ठेवले

ज्या समाजात मालकच मेस्त्री होता, त्या समाजाच्या साहित्यात इंजिनाचा बिघाड सहजपणे आला. ई. बी. व्हाइट यांनी रिचर्ड स्ट्राउट यांच्या सहभागाने १९३६ साली ‘न्यूयॉर्कर’मध्ये फोर्ड ‘टी’ला निरोप देणारा लेख लिहिला. लेखकाचे नाव छापले होते ली स्ट्राउट व्हाइट. त्यात टायमरविषयी प्रत्येक मालकाचे स्वतंत्र मत आणि स्वतंत्र तोडगा कसा असे, याचे खेळकर वर्णन आहे. अर्थात यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मालकांचे सगळेच ज्ञान शास्त्रशुद्ध नव्हते. त्यात नवस-उताऱ्यांचाही भाग होता.

तथापि या विषयाचे खरे गांभीर्य जॉन स्टाइनबेक यांच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ (१९३९) या कादंबरीत आहे. जमीन गमावलेली कुटुंबे जुनाट गाड्यांतून कॅलिफोर्नियाकडे निघाली आहेत. आपल्या अभ्यासक्रमांत ही कादंबरी विस्थापितांची गाथा म्हणून शिकवली जाते आणि ते योग्यच आहे. पण ती इंजिन ऐकण्याचीही कादंबरी आहे, हे आमच्या ध्यानात उशिरा आले. सोळा वर्षांचा अल जोड संपूर्ण प्रवासात कान देऊन बसलेला असतो. गाडी वाळवंटात बंद पडली तर कुटुंब संपेल आणि गाडीची निवड त्याची होती. त्याचे ऐकणे ही त्याच्या डोक्यावरची जबाबदारी आहे.

पुढे सोबतच्या विल्सन कुटुंबाच्या डॉज गाडीचे कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग जाते. इंजिनात खडखड सुरू होते आणि ती वाढत जाते. अल आवाजावरूनच निदान करतो. टॉम आणि अल भंगाराच्या वखारीतून जुना रॉड शोधून आणतात आणि रात्री विजेरीच्या उजेडात, रस्त्याच्या कडेला, तो बसवतात. पिस्टन पुन्हा आत सरकवताना रिंगा दाबून धरण्यासाठी बारीक पितळी तार गुंडाळण्याची युक्ती वापरली जाते. हे सारे स्टाइनबेक पायरी-पायरीने सांगतात. कथानक येथे मंदावते असा आक्षेप कोणी घेईल. आमच्या मते त्या रात्री दोन भाऊ एकमेकांशी जितके बोलतात, तितके दुसरीकडे क्वचितच बोलतात; हात कामात गुंतले असल्यामुळेच ते बोलू शकतात.

याच कादंबरीत जुन्या गाड्या विकणाऱ्या दलालांचे एक प्रकरण आहे. गिऱ्हाइकाला खडखड ऐकू येऊ नये म्हणून दलाल गिअरमध्ये लाकडाचा भुसा भरतात. कादंबरीतील ही फसवणूक आम्हांस विशेष बोलकी वाटते. दलाल यंत्राचा दोष काढत नाही, त्याचा आवाज काढतो. ज्याला ऐकता येते त्याला फसवणे अवघड असते, म्हणून आधी आवाजच दाबावा लागतो.

५. जगद्दल आणि त्याचा चालक

आपल्याकडे परिस्थिती निराळी होती. येथे मोटार आली ती संस्थानिक, अधिकारी, डॉक्टर, वकील यांच्या दारात. मालक मागील आसनावर बसे. पुढे ड्रायव्हर आणि त्याच्याबरोबर क्लीनर. बोनेट उघडणे हे मालकाचे काम नव्हे, अशीच समजूत होती. हाताने करायचे काम खालचे, हा आपला जुना संस्कार यंत्रापर्यंत येऊन पोचला. अमेरिकेत जे ज्ञान मालकाकडे होते, ते येथे क्लीनरकडून ड्रायव्हरकडे आणि ड्रायव्हरकडून मेस्त्रीकडे असे मुखोद्गत राहिले. ज्यांना लिहिता येत होते त्यांना इंजिन ऐकता येत नव्हते. ज्यांना ऐकता येत होते त्यांना कोणी लिहायला सांगितले नाही.

या नियमाला एक थोर अपवाद बंगालीत आहे. सुबोध घोष यांची ‘अयांत्रिक’ ही कथा १९४० च्या सुमाराची. लेखक होण्यापूर्वी घोष यांनी हजारीबाग भागात बसवर कंडक्टर म्हणूनही काम केले होते. कथेचा नायक बिमल हा टॅक्सीचालक आणि त्याची ‘जगद्दल’ नावाची जुनाट गाडी. लोक हसतात, तो मात्र तिच्याशी माणसासारखा बोलतो. ऋत्विक घटक यांनी १९५८ मध्ये यावर चित्रपट केला. त्यात १९२० सालची शेव्रोले गाडी आणि काली बॅनर्जी यांनी केलेला बिमल आहे. घटकांनी गाडीला आवाज दिला. रेडिएटरमध्ये पाणी ओतले की जगद्दल घटाघट पाणी पिते, कुरकुरते, रुसते. समीक्षकांनी यात यंत्रयुगाचा आणि आदिम जीवनदृष्टीचा मेळ पाहिला. ते मान्य करूनही आम्ही एक साधी गोष्ट सुचवू इच्छितो. बिमल वेडा नाही. तो जे ऐकतो ते खरोखर ऐकू येते. बॉयलरसारखे उकळणारे पाणी, झिजलेले बेअरिंग, धाप लागलेले सिलिंडर यांचे आवाज असतातच. इतरांना ते ऐकू येत नाहीत, म्हणून बिमल वेडा ठरतो.

बिमल शेवटी पदरमोड करून नवे भाग बसवतो आणि तरीही गाडी चढावर हार खाते. ती भंगारात जाते. येथे घटक भाबडे नाहीत. ऐकता येणे म्हणजे बरे करता येणे नव्हे, हे ते सांगतात. झिजलेल्या धातूपुढे कानाचा इलाज चालत नाही.

६. आमच्या वाट्याचा प्रश्न

मराठीकडे वळताना थोडे संकोचल्यासारखे होते. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गाव-गाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. गावच्या सुतार-लोहारांपासून सर्व बलुतेदारांची कामे, हक्क आणि व्यवहार त्यांनी नोंदवले, म्हणून आज तो ग्रंथ भाषेच्या अभ्यासकालाही खाण आहे. त्याच काळात बलुत्याबाहेरचा एक नवा कारागीर जन्माला येत होता. त्याला कोणतेही वतन नव्हते आणि त्याची गिऱ्हाइके रस्त्यावरून येत होती. त्याची नोंद करणारा आत्रे मराठीला मिळाला नाही. आमच्या वाचनात आलेल्या मराठी कथा-कादंबऱ्यांत मोटार प्रवासाचे साधन किंवा प्रतिष्ठेचे चिन्ह म्हणूनच अधिक दिसते; बोनेट क्वचितच उघडते. नारायण सुर्वे यांच्या कवितेने रस्त्याला विद्यापीठाचा मान दिला. पण त्या विद्यापीठातील या एका शाखेचा शब्दसंग्रह कोणी जमवला नाही.

तो शब्दसंग्रह साधा नाही. मेस्त्रींच्या तोंडी इंजिन ‘खोकते’, ‘शिंकते’, ‘धाप टाकते’, ‘तेल खाते’, ‘धूर मारते’, ‘हवा घेते’, ‘बसते’. यातील प्रत्येक क्रियापदाचा अर्थ नेमका आहे. कार्ब्युरेटरमधून फट्कन उलटा भडका येतो ती शिंक. हवा जास्त आणि पेट्रोल कमी. धूर काळा असेल तर पेट्रोल जास्त, निळसर असेल तर तेल जळते आहे, पांढरा आणि थांबतच नसेल तर पाणी आत शिरले आहे. ‘रिंगा गेल्या’ आणि ‘इंजिन बसलं’ यांत तापाच्या रोग्याला आणि मृताला लावायच्या शब्दांइतके अंतर आहे. सुटे केलेले इंजिन जुळवणे याला ते ‘इंजिन बांधणे’ म्हणतात. चाल बांधतात, पद बांधतात, तसेच इंजिन बांधतात. पेचकसाचे टोक इंजिनावर आणि मूठ कानाच्या हाडाला लावून ते कोणते बेअरिंग बोलते ते ऐकतात. डॉक्टरची नळी आणि हा पेचकस यांत तत्त्वतः फरक नाही.

यावर कोणी म्हणेल की हे सारे आता इतिहासजमा आहे. २००० च्या सुमारास भारतातील नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर निघून गेला. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीला दोष सांगणारी संगणकीय व्यवस्था सक्तीची झाली. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी निवृत्त झाली आणि डेल्को फिरवून टायमिंग लावणाऱ्या हातांचे मोठे गिऱ्हाईक गेले. आता गाडीला यंत्र जोडले की ‘पी ०३०१’ असा संकेत येतो. अर्थ : एक क्रमांकाचे सिलिंडर पेटत नाही. जुने मेस्त्री हेच ‘एक नंबर मिस मारतोय’ असे कानाने सांगत.

परंतु येथे इतिहास एक वळण घेतो आणि ते आम्हांस आधी अपेक्षित नव्हते. संकेत फक्त सिलिंडर सांगतो; कारण सांगत नाही. म्हणून आजचा तंत्रज्ञ काय करतो? तो एक नंबरची कॉइल काढून दोन नंबरला बसवतो आणि पुन्हा यंत्र जोडतो. संकेत बदलून ‘पी ०३०२’ झाला तर कॉइल अपराधी. तसाच राहिला तर कॉइल निर्दोष. फोर्ड ‘टी’च्या शेतकऱ्याने शंभर वर्षांपूर्वी जे केले, नेमके तेच. म्हणजे विद्या मेली, हा गळा काढण्यात अर्थ नाही. रीत जिवंत आहे. बदलले ते एवढेच की दोष पूर्वी भाषेत सांगितला जाई, आता क्रमांकात सांगितला जातो. आणि ज्या मराठी भाषेत तो सांगितला जाई, तिची नोंद आपल्यापाशी नाही.

बोलीविज्ञानाचा पेपर आम्ही गेली अनेक वर्षे शिकवत आहोत. विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी दूरच्या पाड्यांवर पाठवले, ओव्या जमवल्या, नातेवाचक शब्दांच्या याद्या केल्या. ते काम मोलाचेच आहे. मात्र महाविद्यालयाच्या फाटकासमोरच्या गॅरेजमध्ये वही घेऊन आम्ही कधी गेलो नाही. तेथील बोलीला आम्ही बोली मानले नाही. इंग्रजी शब्दांची मोडतोड मानले. ‘डेल्को’चा उगम कळला तेव्हा या समजुतीची लाज वाटली. तो शब्द मोडतोड नव्हता. मूळ नाव त्यात अक्षर न् अक्षर शाबूत होते.

त्या दिवाळीनंतर आम्ही मेस्त्रींकडे वही घेऊन काही वेळा गेलो. शब्द उतरून घेणे सोपे होते. आवाज उतरून घेणे जमत नाही. ‘टॅपेटचा आवाज आणि पिस्टनचा आवाज यांत फरक काय?’ असे आम्ही विचारले. मेस्त्रींनी बराच विचार केला. मग म्हणाले, “टॅपेट वरनं बोलतो, टिकटिक. पिस्टन पोटातनं. गार असताना जास्त बोलतो, तापला की गप्प होतो.” आम्ही ते लिहून घेतले. त्यांनी वहीत डोकावून पाहिले आणि विचारले, “ह्याचं करणार काय, सर?”

या प्रश्नाचे उत्तर आम्ही अद्याप दिलेले नाही. एखाद्या विद्यार्थ्याने लघुप्रबंधासाठी हा विषय घेतला तर ते देता येईल. मात्र घाई केली पाहिजे. मेस्त्री आता फारसे कोणाच्या गाडीला हात लावत नाहीत आणि त्यांच्या हाताखाली शिकलेली मुले बिघाड सांगताना क्रमांक सांगतात.